परिचर्येचे शिक्षण : खर्च किती, कमाई किती आणि ती कोणाची?

आपल्या समाजात शिक्षणाविषयी भावनेने पुष्कळ बोलले जाते. हिशेबाने मात्र फारच थोडे बोलले जाते. भावना आवश्यक होती. ज्या पिढीला शाळेच्या दाराबाहेर बसविले गेले, तिला दाराच्या आत जाण्यासाठी प्रथम भावनेचेच बळ लागले. पण दार उघडल्यानंतर कोणत्या खोलीत जावयाचे, तेथे किती वर्षे बसावयाचे आणि बाहेर पडताना हाती काय घेऊन निघावयाचे, हे ठरविण्यास हिशेबच लागतो. परमपूज्य बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि घरी आल्यावर विसरतो. १९१३ साली ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊनच. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून पैसा बाजूला टाकून, मित्राकडून कर्ज घेऊन आणि शाहू महाराजांचे साहाय्य स्वीकारून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. ज्या महापुरुषाने आपल्या शिक्षणाची पै न् पै मोजली, त्याच्या अनुयायांनी मुलीच्या शिक्षणाचा जमाखर्च मांडण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की येथील पुष्कळ बांधव आम्हांस एकच प्रश्न विचारतात. कोणी बांधकामावर आहेत, कोणी गॅरेजमध्ये, कोणी वाहनचालक आहेत, कोणी कार्यालयात कारकुनी करतात. पत्नी व मुले लातूर, नांदेड, अकोला, बुलढाणा, सांगली अशा ठिकाणी असतात. प्रश्न असा : "डॉक्टरसाहेब, पोरीला नर्सिंगला घालतोय. किती लागतील?" आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न अर्धा आहे. "किती लागतील" याच्या जोडीला "किती वर्षे लागतील, त्यानंतर किती मिळतील आणि कोणत्या अटीवर मिळतील" हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज पहिल्याचे उत्तर निरुपयोगी आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू हे चारही प्रश्न एका कागदावर मांडणे, एवढाच आहे.

तीन खरी दारे आणि एक खोटे

भारतात परिचर्येच्या शिक्षणाची तीन मान्यताप्राप्त दारे आहेत. पहिले एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका व प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. दुसरे जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येची तीन वर्षांची पदविका. तिसरे बी.एस्सी. नर्सिंग, म्हणजे चार वर्षांची पदवी. महाराष्ट्रात ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. पहिल्या दोहोंस बारावीची कोणतीही शाखा चालते. पदवीस जीवशास्त्रासह विज्ञान शाखा लागते. जीएनएम झालेल्या मुलीस पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीधर होता येते, ही गोष्ट पालकांना बहुधा कोणी सांगत नाही. इंग्रजी देशांत ज्यास 'प्रॅक्टिकल नर्सिंग' म्हणतात, त्याच्याशी आपल्याकडील जवळचे नाते एएनएमचे आहे.

चौथे दार खोटे आहे आणि तेच सर्वांत मोठ्या फलकाचे आहे. तालुक्याच्या गावी एखाद्या व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर "एका वर्षात नर्स व्हा" अशी पाटी असते. 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर' अशी नावे असतात. पांढरा गणवेश असतो, समारंभपूर्वक प्रमाणपत्रही मिळते. पण त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. आणि नोंदणी नाही तर ती मुलगी कायद्याच्या दृष्टीने परिचारिका नाही. तिला गावातल्या दवाखान्यात काम मिळेल, परंतु ते काम डॉक्टरच्या मर्जीवर चालेल आणि पगारही मर्जीवरच ठरेल. शिक्षण दोन-चार महिन्यांनी लांबले तरी चालेल. पण नोंदणी न होणाऱ्या अभ्यासक्रमावर एक रुपयाही खर्च करू नये. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. त्यामुळे नियामक संस्थांची नावे पुढेमागे बदलतील. प्रश्न मात्र तोच राहील : या अभ्यासक्रमानंतर राज्याच्या नोंदवहीत माझ्या मुलीचे नाव चढेल काय?

खर्चाची बाजू

पालक शुल्क मोजतात आणि तेवढ्यालाच खर्च म्हणतात. वस्तुतः खर्चाचे चार भाग आहेत : शुल्क, वसतिगृह, खानावळ, गणवेश, पुस्तके व प्रवास, कर्ज घेतले असल्यास व्याज, आणि शिकत असताना न मिळालेली कमाई. हा चौथा भाग खिशातून जात नाही म्हणून दिसत नाही, पण गरीब घरात तोच सर्वांत जास्त टोचतो.

शिक्षणाच्या या हिशेबात आपल्या समाजास एक आधार आहे आणि तो भिक्षेचा नसून हक्काचा आहे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, सुरू झाली. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या बांधवांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० सालची घटनात्मक आदेशातील दुरुस्ती यावी लागली. आज ही शिष्यवृत्ती पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास मिळते. येथे आखातातील बांधवांनी एक बेरीज करून पाहावी. दिनारचा भाव अलीकडच्या वर्षांत सव्वादोनशे रुपयांच्या आसपास राहिला आहे. सोयीसाठी आपण २२० धरू. महिना १२० दिनार मिळविणाऱ्या कामगाराचे वार्षिक उत्पन्न ३,१६,८०० रुपये होते, म्हणजे मर्यादेबाहेर. उत्पन्न लपवून दाखला काढण्याचा सल्ला देणारे अनेक भेटतील; तो सल्ला मुलीच्या प्रवेशालाच पुढे धोका ठरतो. त्यापेक्षा महाराष्ट्रात उत्पन्नमर्यादेबाहेरील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी 'फ्रीशिप' म्हणजे शुल्कमाफीची स्वतंत्र योजना आहे, तिचा अर्ज करावा.

मात्र या सवलती मध्यवर्ती प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेसाठी असतात. व्यवस्थापन कोट्यातील जागेसाठी नसतात. नेमके येथेच आपले बांधव फसतात. वडील परदेशी आहेत असे कळताच काही खासगी संस्थाचालक 'एनआरआय कोट्यातून' जागा देऊ करतात आणि गॅरेजमध्ये काम करणारा बाप स्वतःला अनिवासी भारतीय म्हणवून घेत दुप्पट-तिप्पट शुल्क भरतो. ज्या मुलीस राखीव जागेवर शुल्कमाफीने शिकता आले असते, तिच्यासाठी गावाकडची दोन एकर जमीन गहाण पडते. राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यास वेळ लागतो. म्हणून मुलगी अकरावीत असतानाच तो अर्ज करावा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्याही उत्पन्नाच्या व गुणांच्या अटी आधी वाचाव्यात.

कर्जाविषयी दोन वाक्ये पुरेत. चार लाखांचे कर्ज सावकाराकडून शेकडा दरमहा तीन दराने घेतल्यास महिन्याचे व्याज १२,००० रुपये होते. तेच बँकेकडून वार्षिक दहा टक्क्यांनी घेतल्यास सुमारे ३,३०० रुपये. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही आणि परतफेड शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होते, हे बापाला ठाऊक नसते म्हणून तो सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो.

मिळकतीची बाजू

आता जमेकडे वळू. पुढील आकडे आम्ही केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या जिल्ह्याचे खरे आकडे त्यांच्या जागी घालावेत.

समजा, खासगी संस्थेत एएनएमचा शुल्क व राहण्याचा मिळून खर्च वर्षाला १ लाख, जीएनएमचा १ लाख ३० हजार आणि बी.एस्सी.चा १ लाख ६० हजार आहे. समजा, शिक्षणानंतर शहरातील लहान खासगी रुग्णालयात त्यांना अनुक्रमे १०,०००, १५,००० आणि १८,००० रुपये महिना मिळतो आणि पगार वाढत नाही. बारावीनंतरच्या दहा वर्षांचा ताळेबंद असा निघतो. एएनएम दोन वर्षे शिकेल, २ लाख खर्च करील, आठ वर्षांत ९ लाख ६० हजार मिळवील. शिल्लक ७ लाख ६० हजार. जीएनएम तीन वर्षांत ३ लाख ९० हजार खर्च करील, सात वर्षांत १२ लाख ६० हजार मिळवील. शिल्लक ८ लाख ७० हजार. बी.एस्सी. चार वर्षांत ६ लाख ४० हजार खर्च करील, सहा वर्षांत १२ लाख ९६ हजार मिळवील. शिल्लक ६ लाख ५६ हजार. म्हणजे पूर्ण शुल्क भरून घेतलेली पदवी दहा वर्षांअखेर तिघींत मागे राहते, आणि यात व्याज धरलेलेच नाही.

आता शुल्कमाफी मिळाली असे समजून तोच हिशेब करा. केवळ राहण्या-खाण्याचा खर्च एएनएमला वर्षाला ५० हजार आणि इतर दोघींना ६० हजार धरला, तर शिल्लक अनुक्रमे ८ लाख ६० हजार, १० लाख ८० हजार आणि १० लाख ५६ हजार होते. पदवी व पदविका जवळजवळ बरोबरीस येतात. उरलेले २४ हजारांचे अंतर पदवीधर मुलगी अकराव्या वर्षाच्या आठ महिन्यांत भरून काढते आणि त्यानंतर ती कायमची पुढे जाते. पदवी तीच, रुग्णालय तेच, पगार तोच. फरक केवळ जागा कोणत्या फेरीतून मिळाली याचा. "कोणता अभ्यासक्रम चांगला" या प्रश्नास म्हणूनच एकटे उत्तर नाही. जागा कोणत्या मार्गाने मिळते आहे, हे कळल्यावरच ते देता येते.

सरकारी नोकरीचे गणित निराळे आहे. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगानुसार जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेची वेतनश्रेणी २५,५०० पासून सुरू होते; ही जागा एएनएमची. शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेची श्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. तेथे जीएनएम व बी.एस्सी. दोघीही पात्र असतात. केंद्र सरकारच्या संस्थांत नर्सिंग ऑफिसरची सुरुवात ४४,९०० च्या श्रेणीत होते आणि अनुभव असलेल्या जीएनएम परिचारिकेलाही तेथील स्पर्धा परीक्षा देता येते. तेव्हा एएनएम हा अभ्यासक्रम हलका म्हणून हिणविण्याचे कारण नाही. जी मुलगी आपल्याच तालुक्यात राहून उपकेंद्राची आरोग्यसेविका होण्याचे ठरविते, तिच्यासाठी तो रास्त मार्ग आहे. फक्त जागा मोजक्या असतात, वाट लांब असते आणि मधली वर्षे बहुधा कंत्राटावर जातात, हे जाणून तिने तो घ्यावा. पण परदेशी जाण्याची इच्छा मनात ठेवून एएनएमला जाणे म्हणजे बसच्या तिकिटावर आगगाडीत बसण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, परिचर्या ही सेवा आहे; तिचा असा बाजारी हिशेब मांडू नये. तीन दशके परिचारिकांच्या खांद्याला खांदा लावून काम केल्यावर आम्ही नम्रपणे सांगतो की, 'सेवा' हा शब्द परिचारिकेच्या बाबतीत बहुतेक वेळा पगार कमी देण्यासाठीच वापरला गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटा असल्यास शासकीय वेतनाइतके, १०० हून अधिक असल्यास त्याहून फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर पंचवीस टक्के कमी आणि त्याहून लहान रुग्णालयातही किमान २०,००० रुपये. वर आम्ही लहान रुग्णालयाचे पगार २०,००० च्या खाली धरले, त्याचे कारण वाचकांस कळले असेलच. शिफारस कागदावर राहिली आहे आणि ती प्रत्यक्षात आणण्यासाठी परिचारिकांना संघटित व्हावे लागेल.

आपल्या समाजापुरता या प्रश्नास आणखी एक पदर आहे. पुष्कळ गावांत बाळंतपणाची, नाळ कापण्याची, रक्ताचे कपडे धुण्याची कामे आपल्याच आज्या-पणज्यांनी केली. ज्यांच्या हातांनी गावाची लेकरे जगात आली, त्यांच्याच हातचे पाणी गावाला चालत नव्हते. आणि मोबदला म्हणून पदरात पडत असे पसाभर धान्य किंवा जुने लुगडे. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, तेव्हा त्या कामाला प्रतिष्ठा देणारे किती होते? आज तेच काम शास्त्र शिकून, नोंदणी क्रमांक मिळवून आणि वेतनश्रेणी घेऊन करता येते. हा फरक मोठा आहे. आणि तो फरक टिकवायचा असेल तर मोबदल्याची भाषा बोलण्यास आपण लाजता कामा नये.

बहरीनचा पगार वाचावा कसा

आता ज्या स्वप्नासाठी पालक एवढी यातायात करतात, त्या आखाती नोकरीकडे पाहू. बहरीनला आधुनिक रुग्णसेवेची परंपरा जुनी आहे. मनामा येथील अमेरिकन मिशन हॉस्पिटलची सुरुवात १९०३ ची, शासकीय परिचर्या विद्यालय १९५९ चे. २००४ पासून येथे आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे विद्यापीठ असून तेथेही परिचर्येची पदवी मिळते. बहरीनचे स्वतःचे तरुण-तरुणी या व्यवसायात येत आहेत आणि नोकरीत त्यांना प्राधान्य मिळणे योग्यच आहे. याचा अर्थ, परदेशी परिचारिकेसाठी दार बंद नसले तरी उंबरठा दरवर्षी उंच होत आहे. २००९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आरोग्य नियामक प्राधिकरणाचा परवाना असल्याखेरीज येथे कोणासही परिचर्या करता येत नाही. परवान्यासाठी मूळ संस्थेकडून कागदपत्रांची पडताळणी होते, शिक्षणानंतरचा अनुभव मागितला जातो आणि परीक्षा द्यावी लागते. चार-पाच खाटांच्या प्रसूतिगृहात घालविलेली वर्षे येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. म्हणून महाविद्यालय निवडताना इमारतीची रंगरंगोटी न पाहता त्याला जोडलेले रुग्णालय पाहावे : खाटा किती, त्यांवर रुग्ण किती, अतिदक्षता विभाग आहे काय, मुलींना रात्रपाळीत खरोखर काम शिकवितात की हजेरीपटावरच शिकवितात?

समजा, हे सारे पार पडून मुलीस खासगी रुग्णालयात महिना ३०० दिनार मिळाले. गावी बातमी जाते : ६६ हजार पगार! प्राप्तिकर नाही, हे खरे. पण बेकारी विम्याचे एक टक्का, म्हणजे ३ दिनार, कापले जातात. निवास मालकाचा नसेल तर खोलीतला वाटा व जेवण यांस ११० दिनार धरा. प्रवास व दूरध्वनीस २०. विमानाचे तिकीट, कपडे, आजारपण यांसाठी २७ बाजूला टाका. उरले १४० दिनार, म्हणजे ३०,८०० रुपये. महाराष्ट्रातील अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होते, हे वर सांगितलेच आहे. शासकीय नोकरी हातात असताना ती सोडून येणाऱ्या मुलीने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत. ज्या मुलीस गावाकडे १५,००० मिळत आहेत, तिच्यासाठी मात्र हा प्रवास निश्चितच लाभाचा आहे. त्यात अनुभवाची व पुढील देशांच्या वाटेची भरही पडते.

येथील कायद्याने मिळणारे हक्कही जमेत धरावेत. २०१२ च्या श्रमकायद्यानुसार वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा आहे. सेवासमाप्तीच्या वेळी पहिल्या तीन वर्षांसाठी प्रत्येकी अर्ध्या महिन्याचे आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचे वेतन मिळते. ३०० दिनार मूळ वेतनावर पाच वर्षांची ही रक्कम १,०५० दिनार, म्हणजे २ लाख ३१ हजार रुपये होते. मार्च २०२४ पासून मालकाला ही रक्कम दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरावी लागते, म्हणजे शेवटी मालकाच्या तोंडाकडे पाहात बसावे लागत नाही. हिशेब मूळ वेतनावर होतो; म्हणून करारात मूळ वेतन १५० आणि भत्ते १५० असे लिहिले असेल तर ही रक्कम अर्ध्यावर येते. सही करण्यापूर्वी हा एक आकडा वाचावा.

दलालाची चिठ्ठी

या साऱ्या गणितावर पाणी पाडणारी एक बाब म्हणजे दलाल. भारत सरकारने २०१५ साली नियम केला की, बहरीनसह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांना त्यांचे पारपत्र कोणत्याही प्रकारचे असले तरी उत्प्रवासाची परवानगी लागेल आणि त्यांची भरती ठरावीक शासकीय संस्थांमार्फत होईल. केरळच्या नोर्का रूट्स व ओडेपेक, तामिळनाडूचे ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन ही त्यांपैकी ठळक नावे. कोणास भरतीचा अधिकार आहे हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. असा नियम का करावा लागला? त्याच वर्षी केरळातील एका भरती संस्थेवर केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला; १९,५०० रुपये सेवाशुल्काच्या जागी कुवेतला जाणाऱ्या परिचारिकांकडून प्रत्येकी १९ लाख ५० हजार घेतल्याचा आरोप होता. आमच्या वरील हिशेबात महिना ३०,८०० शिल्लक टाकणाऱ्या मुलीला एवढी रक्कम फेडण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. तिची तरुणपणातील सारी मेहनत केवळ एका चिठ्ठीसाठी गेलेली असेल. भारतीय नियमांनुसार भरती संस्थेस ३०,००० रुपये व त्यावरील कर यापेक्षा अधिक घेता येत नाही. आणि बहरीनमध्ये कामाच्या परवान्याचा खर्च मालकाने करावयाचा असतो. आणखी एक खूण : परवान्यावर व्यवसाय कोणता लिहिला आहे ते पाहावे. 'नर्स' म्हणून बोलावून 'घरकामगार' म्हणून आणलेली मुलगी ना रुग्णालयात जाऊ शकते, ना तिचा अनुभव पुढे मोजला जातो.

आणखी दूरचे देश

येथे वाढलेल्या काही मुलांचे डोळे अमेरिका-कॅनडाकडे असतात. अमेरिकेत प्रॅक्टिकल नर्सिंगचा अभ्यासक्रम साधारण एका वर्षाचा असतो आणि त्या परिचारिकेचे मध्यम वार्षिक वेतन मे २०२४ मध्ये ६२,३४० डॉलर होते; नोंदणीकृत परिचारिकेचे ९३,६०० डॉलर. तेथील रहिवाशाला एका वर्षात इतकी कमाई लाभते, म्हणून ते शिक्षण त्यास फायद्याचे आहे. पण तेथे जाऊन शुल्क भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचे गणित वेगळे. तेथील स्थलांतर कायद्यात व्यावसायिक परिचारिकांसाठी जी सुलभ वाट आहे, ती प्रॅक्टिकल नर्सला मिळत नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात २००५ पासून नोंदणीकृत परिचारिका होण्यास पदवीच लागते. म्हणजे दूरच्या देशातही तोच धडा : लहान अभ्यासक्रम जेथल्या तेथे कमाई देतो, सीमा ओलांडायची असेल तर मोठा लागतो.

कमाई कोणाची?

आता शेवटचा प्रश्न, जो ताळेबंदात कोणी लिहीत नाही. बाप खर्च मोजतो, भाऊ पगार मोजतो. मुलीला काय हवे आहे, हे कोण मोजतो? आम्ही अशा परिचारिका पाहिल्या आहेत की, ज्यांच्या पाठविलेल्या पैशावर गावी दोन मजली घर उभे राहिले आणि त्या घराच्या कागदावर त्यांचे नाव नाही. धाकट्या भावाची मोटरसायकल, थोरल्या भावाचे लग्न, चुलत्याचे कर्ज, सारे तिच्या रात्रपाळीतून फिटले. आणि तिच्या लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा "नर्स आहे, रात्री बाहेर असते" असे पाहुण्यांनी म्हटल्यावर घरातल्यांनी मान खाली घातली. स्त्रीला मालमत्तेत हक्क देणारे हिंदू कोड बिल अडविले गेले, हे बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देण्याचे एक प्रमुख कारण होते. त्यांची जयंती साजरी करणाऱ्या घरात कमावत्या मुलीचे बँकखाते भावाच्या ताब्यात असावे, याहून मोठी विसंगती कोणती?

म्हणून पुढील मर्यादा प्रत्येक घराने आपण होऊन घालून घ्यावी. शिक्षणाचे कर्ज मुलीच्या पगारातून फेडले जाणे रास्त आहे; पण कर्ज किती, हप्ता किती आणि तो कोणत्या वर्षी संपेल, हे तिला पहिल्या दिवशी लिहून द्यावे. हप्ता तिच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नसावा. खाते तिच्या नावावर व तिच्या ताब्यात असावे. आणि हे सारे मुलाच्या बाबतीतही लागू आहे. परिचर्या हा व्यवसाय मुलांनाही खुला आहे आणि रुग्णालयांना त्यांची गरजही आहे. मुलगा अभियांत्रिकीला गेला तर 'शिक्षण' आणि मुलगी परिचर्येला गेली तर 'कमाईचे साधन', हा भेद आपल्या घरांत तरी नको.

संस्थेच्या कार्यकारिणीस आमची एक सूचना आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनास व जयंतीस आपण सभागृह, भोजन व स्मरणिका यांवर जो खर्च करतो, तो आनंदाने करावा. पण दरवर्षी मे महिन्यात एक शुक्रवार ठरवून पालकांसाठी बैठक घ्यावी. तेथे आपल्यातील परिचारिका भगिनींनी बसावे, पालकांनी आणलेली प्रवेशपत्रे, शुल्काच्या पावत्या, करार वाचावेत आणि कोणत्या सवलतीचा अर्ज कधी करावा हे सांगावे. यास सभागृहाचे भाडेही लागणार नाही. कोणाच्याही खोलीवर हे होईल. त्याचबरोबर वसतिगृहाच्या पहिल्या वर्षाच्या खर्चापुरता एक बिनव्याजी निधी उभारावा, कारण शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते आणि तोपर्यंतच्या काही महिन्यांसाठीच बाप सावकाराकडे जातो. दहा घरांची दहा वर्षांची गुलामी टाळण्यास असा लहानसा निधी पुरेसा होईल.

मुलीला शिकवावे की नाही, हा प्रश्न आपल्या समाजाने केव्हाच निकालात काढला आहे. आता प्रश्न आहे तो डोळे उघडे ठेवून शिकविण्याचा. बारावीचा निकाल लागल्यावर कोणाच्याही सांगण्यावरून पैसे भरण्यापूर्वी एक वही घ्यावी, तिच्या डाव्या पानावर खर्च लिहावा, उजव्या पानावर मिळकत लिहावी आणि वहीवर मुलीचे नाव घालावे. कारण ती वही तिचीच आहे.

जय भीम! जय भारत!